तारेतला न मोजलेला खडखडाट

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडची राज्ये उरलेल्या देशाच्या वीजजाळ्याला जोडली गेली. तोवर दक्षिणेचे जाळे स्वतःच्या गतीने चालत होते. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे एकाच कंप्रतेवर चालू लागली: सेकंदाला 50 आवर्तने, म्हणजे 50 हर्ट्झ. हा आकडा 49.90 ते 50.05 या अरुंद पट्ट्यात राहावा म्हणून भार प्रेषण केंद्रांत अभियंते रात्रंदिवस पडद्याकडे डोळे लावून बसतात. सारा देश ज्या वाहिनीने एका गतीवर आला, तिचे एक टोक सोलापुरात आहे.

त्याच सोलापुरात, भवानी पेठेतल्या विजेच्या खांबावर मात्र कोणाचाच डोळा नसतो.

भवानी पेठेच्या गल्लीत शिरले की मागांचा आवाज आधी येतो आणि माग नंतर दिसतो. घोंगडे वस्तीसारख्या भागात खाली शेड, वर बिऱ्हाड आणि शेजारी किराणा दुकान ही मांडणी नेहमीची. चादरी आणि टॉवेल विणणारे माग, त्यांच्यावर बसवलेली जॅकार्ड, कांड्या भरण्याची यंत्रे, शेडमधल्या ट्यूब, माडीवरचा फ्रीज आणि टीव्ही हे सगळे कोपऱ्यावरच्या एकाच डीपीवर, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरवर, चालते. वीजदरात यंत्रमागाचा वर्ग वेगळा, मीटर वेगळा, बिलही वेगळे. पण तार एकच. त्या तारेवर एकाच्या यंत्राने काही सोडले, तर ते शेजाऱ्याच्या घरात पोचते.

जुन्या यंत्रमागाची मोटार साधी इंडक्शन मोटार असते. व्होल्टेजची लाट जशी गोलाईने वर चढते आणि खाली उतरते, जवळपास तसाच प्रवाह ती ओढते. तिचा मुख्य दोष म्हणजे कमी पॉवर फॅक्टर, आणि त्यावर कपॅसिटर लावला की काम भागते. यंत्रमागाच्या प्रत्येक कारखान्यातल्या वायरमनला हे पाठ आहे. आता मात्र कापड उद्योगात रॅपिअर माग येत आहेत, जॅकार्ड इलेक्ट्रॉनिक होत आहेत, सायझिंग आणि डाइंगच्या मोटारी ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर, चालत आहेत. शेडमध्ये एलईडी ट्यूब आल्या, गल्लीत ई-रिक्षांचे चार्जर आले. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना सुरू केल्यापासून छतांवर सौर इन्व्हर्टर वाढू लागले. सोलापूरच्या उन्हात ते वाढणारच.

ही सगळी यंत्रे चांगली आहेत, वीज वाचवणारी आहेत. पण त्यांची वीज घेण्याची रीत वेगळी आहे. ती तुकड्यातुकड्यांनी वीज घेतात.

लाट कशी बिघडते

साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोडचा रेक्टिफायर असतो. व्होल्टेजची लाट शिखराजवळ आली की तो प्रवाह ओढतो आणि एरवी गप्प बसतो. त्यामुळे प्रवाहाची गोलाई जाऊन त्याला टोके येतात. फ्रेंच गणिती जोझेफ फूरिए यांनी 1822 मधल्या आपल्या उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवून दिले की, पुन्हापुन्हा येणारी कोणतीही वाकडीतिकडी लाट म्हणजे अनेक शुद्ध लाटांची बेरीज असते. त्याच गणिताने विजेची बिघडलेली लाट उलगडता येते. मूळ 50 हर्ट्झ, तिच्या पाचपट 250, सातपट 350, अकरापट 550. या पटींना हार्मोनिक म्हणतात. मूळ लाटेच्या तुलनेत या सगळ्यांचा मिळून किती भाग आहे, त्याची टक्केवारी म्हणजे एकूण विकृती. लघुदाबाच्या पुरवठ्यात व्होल्टेजची ही विकृती 8 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, असे युरोपचे ईएन 50160 हे मानक सांगते. भारतीय मानक ब्यूरोनेही वितरण जाळ्यातील व्होल्टेजच्या गुणवत्तेसाठी 2018 मध्ये आयएस 17036 हे मानक आणले.

या खालच्या हार्मोनिकची झळ कारखानदाराला लगेच लागते. कपॅसिटरचे डबे फुगतात, फ्यूज उडतात, न्यूट्रलची तार गरम होते. त्यामागचे गणित एका डीपीवर मांडून पाहता येते. 200 केव्हीएच्या आणि 4.5 टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर शॉर्ट सर्किट झाले, तर तेथील क्षमता सुमारे 4,444 केव्हीए भरते. त्याखालच्या कारखान्यांनी मिळून 90 केव्हीएआरचे कपॅसिटर लावले, तर 4,444 भागिले 90 म्हणजे साधारण 49, आणि त्याचे वर्गमूळ 7. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्या हार्मोनिकला, 350 हर्ट्झला, अनुनाद करणार. ड्राइव्ह नेमके तेच हार्मोनिक सोडत असतात. मग थोडी विकृतीही फुगते आणि कपॅसिटर जळतो. कारखानदार तो बदलतो, नवाही जळतो आणि दोष कंपनीच्या मालावर जातो. कपॅसिटरच्या आधी 7 टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर बसवला, तर अनुनादाचा बिंदू 189 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्याही खाली येतो आणि हा खेळ थांबतो. पण रिअॅक्टर हवा की नको, हे कळण्यासाठी आधी मोजावे लागते.

नियम जिथे संपतात

इथपर्यंतचा प्रश्न जुना आहे आणि त्याला उत्तरे आहेत. खरी अडचण याच्या वरच्या पट्ट्यात आहे.

घरगुती उपकरणे तारेवर किती हार्मोनिक सोडू शकतात, हे सांगणारे आंतरराष्ट्रीय मानक चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंत, म्हणजे 2,000 हर्ट्झपर्यंत जाते. भारतात तेच आयएस 14700 मालिकेत आले आहे. उद्योगांसाठी वापरले जाणारे आयईईई 519 हे अमेरिकी मानक पन्नासाव्यापर्यंत, म्हणजे 2,500 हर्ट्झपर्यंत पोचते. दुसऱ्या बाजूला रेडिओला होणारा त्रास रोखणारे नियम आहेत. ते बहुतेक उपकरणांसाठी 150 किलोहर्ट्झच्या पुढे लागू होतात. दिवे आणि इंडक्शन शेगड्या अशा काहींनाच त्यांनी 9 किलोहर्ट्झपासून धरले आहे. मधला 2 ते 150 किलोहर्ट्झचा पट्टा वर्षानुवर्षे जवळपास बिनधन्याचा राहिला. अभियंते या पट्ट्यातल्या विकृतीला सुप्राहार्मोनिक म्हणतात.

हा पट्टा भरत चालला, त्याचे एक कारण म्हणजे खालच्या हार्मोनिकवर शोधलेला उपाय. 250 आणि 350 हर्ट्झची विकृती कमी व्हावी म्हणून नव्या ड्राइव्हमध्ये, चार्जरमध्ये आणि एलईडीच्या पुरवठ्यात प्रवाहाला गोलाई देणारी सर्किटे आली. ती ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हे साधतात. मोटारींचे ड्राइव्ह साधारण 2 ते 16 किलोहर्ट्झवर, सौर इन्व्हर्टर बऱ्याचदा 16 ते 20 किलोहर्ट्झच्या आसपास आणि एलईडीचे पुरवठे त्याहून कितीतरी वर हे काम करतात. त्या उघडझापेचा अंश तारेवर उतरतो. मानकाचे प्रमाणपत्र घेतलेले यंत्र 2 किलोहर्ट्झच्या खाली स्वच्छ असते आणि वर काय सोडते, हे त्या प्रमाणपत्रावर नसते.

या विकृतीचा स्वभावही वेगळा आहे. पाचवे किंवा सातवे हार्मोनिक डीपीतून वर, मोठ्या जाळ्याकडे जाते. सुप्राहार्मोनिक बहुतेक वेळा जवळच मुरते. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या तोंडाशी एक छोटा फिल्टर-कपॅसिटर असतो, आणि उंच कंप्रतेला तो सोपी वाट करून देतो. म्हणून एका शेडच्या ड्राइव्हने सोडलेला 10 किलोहर्ट्झचा प्रवाह डीपीपर्यंत जाण्याआधीच शेजारच्या टीव्हीत, दुकानातल्या एलईडीत आणि माडीवरच्या इन्व्हर्टरमध्ये घुसू शकतो. तिथले कपॅसिटर गरम होतात आणि उपकरणाचे आयुष्य घटते. स्वीडनमधल्या लुलेओ तंत्रविद्यापीठाचे मॅथ बोलेन आणि सारा रोनबर्ग यांच्या गटाने अनेक वर्षे हे मोजले. एखाद्या उपकरणाच्या टोकाशी दिसणारी विकृती त्याची स्वतःची किती आणि शेजाऱ्याकडून आलेली किती, असा हिशेब त्यांनी वेगवेगळा मांडला. शेड, बिऱ्हाड आणि दुकान एकाच खांबावर असलेल्या पेठेला हा निष्कर्ष सरळ लागू पडतो. इथे यंत्र एकाचे आणि झीज दुसऱ्याची, असे होऊ शकते.

युरोपच्या सेनेलेक या मानक संस्थेने अशा प्रकरणांवर अहवालच काढला आहे. सौर इन्व्हर्टरमुळे स्पर्शाने लागणारे दिवे आपोआप लागणे-विझणे, तारेवरून निरोप पाठवणाऱ्या मीटरांचा संपर्क तुटणे असे त्या तक्रारींचे स्वरूप. जगभर सर्वांत जास्त चर्चा झाली ती मात्र मीटरच्या वाचनाची. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचे फ्रँक लेफरिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 9 इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. डिमर आणि वीज वाचवणारे दिवे जोडून प्रवाहाचा आकार मुद्दाम बिघडवला. 2017 मध्ये गाजलेल्या त्या निकालांत 5 मीटरनी खऱ्यापेक्षा जास्त वाचन दाखवले, सर्वाधिक 582 टक्क्यांनी जास्त. 2 मीटरनी सुमारे 30 टक्के कमी दाखवले. प्रयोगशाळेतली ती टोकाची स्थिती होती आणि ते आकडे कोणाच्याही घरच्या बिलाला लावणे चूक ठरेल. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून वाद पेटलेला असताना हे बजावून सांगायला हवे. पण त्या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली: मीटरची परीक्षा फक्त स्वच्छ लाटेवर घेऊन भागत नाही.

मोजणे अवघड का

230 व्होल्टच्या तारेवर हे मोजायचे म्हणजे डोंगराच्या उंचीसकट त्यावरच्या खड्याची उंची एकाच फुटपट्टीने सांगायची. लघुदाबाच्या जाळ्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात 2017 आणि 2018 च्या दुरुस्त्यांनी या पट्ट्यातल्या पातळ्या आल्या. त्यानुसार 9 किलोहर्ट्झला सुमारे 3 व्होल्ट आणि 150 किलोहर्ट्झला सुमारे 28 मिलीव्होल्ट एवढी विकृती उपकरणांनी सोसावी असे धरले आहे. आता 16 बिटांचे मोजयंत्र 800 व्होल्टच्या पल्ल्यावर लावले, तर त्याची एक पायरी 12 मिलीव्होल्टची होते. 28 मिलीव्होल्ट मोजायला हातात जेमतेम दोन पायऱ्या. म्हणून आधी फिल्टरने 50 हर्ट्झची मूळ लाट गाळून टाकावी लागते आणि मग उरलेल्याकडे बारकाईने पाहावे लागते.

दुसरा प्रश्न नमुन्यांचा. डिजिटल मीटर लाट सलग पाहत नाही. तो ठरावीक अंतराने नमुने घेतो. ज्या कंप्रतेपर्यंत पाहायचे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने दर सेकंदाला हवेत. म्हणजे 150 किलोहर्ट्झसाठी सेकंदाला तीन लाखांहून अधिक. नमुने कमी पडले, तर उंच कंप्रता नुसती निसटत नाही, ती खोटे रूप घेऊन परत येते. समजा एखादा मीटर सेकंदाला 6,400 नमुने घेतो आणि तारेवर 6,350 हर्ट्झची विकृती आहे. दोन्हींतला फरक 50. तेव्हा योग्य फिल्टर नसेल, तर मीटरला ती विकृती हुबेहूब 50 हर्ट्झची वीज वाटेल.

प्रवाह मोजण्याच्या साधनाचेही तसेच. नेहमीचा टाँग टेस्टर 50 हर्ट्झसाठी घडवलेला असतो, आणि 'ट्रू आरएमएस' लिहिलेलाही काही किलोहर्ट्झनंतर साथ सोडतो. रोगोव्स्की कॉइल उंच कंप्रता पाहू शकते, पण तिचे उत्तर प्रवाहाच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असते. ते उत्तर पुन्हा प्रवाहात नीट बदलले नाही, तर झटके अवाच्या सवा मोठे दिसतात. ट्वेंटेच्या प्रयोगात जास्त वाचन दाखवणाऱ्या मीटरांचे कारण संशोधकांनी याच कॉइलशी जोडले होते.

तिसरा प्रश्न वेळेचा. विजेची गुणवत्ता मोजण्याचे मुख्य मानक आयईसी 61000-4-30 आहे. खालच्या हार्मोनिकसाठी ते 10 आवर्तनांचा, म्हणजे 200 मिलिसेकंदांचा तुकडा घेते आणि एकामागून एक सगळे तुकडे मोजते. त्याच मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 9 ते 150 किलोहर्ट्झसाठी एक पद्धत जोडपत्रात सुचवली होती: सेकंदाला 10,24,000 नमुने, अर्ध्या मिलिसेकंदाची एक खिडकी आणि 200 मिलिसेकंदांत अशा 32 खिडक्या. एकूण पाहणे झाले 16 मिलिसेकंदांचे, म्हणजे फक्त 8 टक्के वेळ. उरलेल्या 92 टक्क्यांत माग सुरू झाला, चार्जर जोडला गेला, तरी नोंद नाही. रेडिओवाल्यांची सीआयएसपीआर 16 ही पद्धत वेगळ्या रुंदीचे पट्टे वापरते, म्हणून एकाच तारेवर दोन यंत्रे दोन उत्तरे देऊ शकतात. हा घोळ मिटवण्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने युरोपातल्या मापन संस्थांनी सुप्राईएमआय हा प्रकल्प राबवला. कोणती पद्धत प्रमाण मानायची हे ठरल्याशिवाय मर्यादाही घालता येत नाहीत, कारण मर्यादा ओलांडली की नाही हे सांगायला मोजमाप एकच हवे.

पेठेत काय करता येईल

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेच्या नावातच 'वीज गुणवत्ता' हे शब्द आले. त्याआधी 2018 मध्ये देशातल्या नियामकांच्या मंचाने ग्राहकांना मिळणाऱ्या विजेच्या गुणवत्तेवर स्वतंत्र अहवाल तयार केला होता. म्हणजे वीज किती तास मिळते याबरोबर ती कशी मिळते हाही ग्राहकाचा हक्क आहे, हे आता तत्त्वतः मान्य आहे. तो हक्क गल्लीतल्या डीपीपर्यंत उतरवायचा, तर खांबावर मोजयंत्र लागले पाहिजे.

प्रत्येक डीपीवर महागडे यंत्र लावा असे कोणी म्हणणार नाही. पण भवानी पेठेसारख्या घर-कारखाना एकत्र असलेल्या भागात निवडक डीपींवर आठवडा-आठवडा 150 किलोहर्ट्झपर्यंतची नोंद घेणे अवघड नाही. आठवडा यासाठी की ईएन 50160 ची कसोटीही आठवड्याची आहे: दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्यांपैकी 95 टक्के मर्यादेत हव्यात. माग चालू असतानाचे दिवस, सुटीचा दिवस आणि रात्र अशा तिन्ही अवस्था त्यात येतात. महावितरणने यंत्र द्यावे, वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या सोलापुरातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थी आणि प्राध्यापक द्यावेत, यंत्रमागधारकांच्या संघटनांनी शेडची दारे उघडी ठेवावीत. विद्यार्थ्यांना अभ्यासाला जिवंत जाळे मिळेल आणि महावितरणला छतावरचे इन्व्हर्टर व चार्जर वाढण्याआधीची नोंद मिळेल. पुढे तक्रारी आल्यावर काय बदलले हे सांगायला ही आधीची नोंद लागतेच.

कारखानदाराने यासाठी थांबायचे कारण नाही. कपॅसिटर दुसऱ्यांदा फुगला, एलईडी ट्यूब ओळीने जाऊ लागल्या, इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड अधूनमधून विनाकारण चुकू लागले किंवा न्यूट्रल तापू लागली, तर नवा माल आणण्याआधी मोजमाप करून घ्यावे. ते मेन स्विचपाशी आणि संशयित यंत्रापाशी, दोन्हीकडे करावे. एक-एक यंत्र बंद करून पाहावे. विकृती आपली की बाहेरून आलेली, हे त्यातून कळते. ड्राइव्हच्या आधी चोक, ड्राइव्ह ते मोटार शील्डेड केबल, पक्के अर्थिंग आणि चांगल्या प्रतीचा ईएमसी फिल्टर हे उपाय ठरलेले आहेत. ऊर्जा अंकेक्षकाला बोलावताना त्याचे यंत्र 2.5 किलोहर्ट्झला थांबते की 150 पर्यंत जाते, हा एक प्रश्न आधी विचारावा.

आणि नवा रॅपिअर माग, ड्राइव्ह किंवा सौर इन्व्हर्टर घेताना किंमत आणि हमीबरोबर आणखी एक कागद मागावा: हे यंत्र 2 ते 150 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तारेवर किती सोडते, त्याची लेखी मोजणी. एका कारखानदाराने मागितला, तर पुरवठादार हसून सोडून देईल. सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी एकत्र येऊन मागितला, तर त्याला तो द्यावा लागेल.